दारावरचे वाद्य

चंदीगडला वेस नाही, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानी यायला दोन महिने लागले. १९५० नंतर ल कॉर्ब्युझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कागदावर आखून मग भूमीवर उतरविलेले हे शहर. येथे सेक्टर आहेत, चौक आहेत, रुंद रस्ते आणि त्यांच्या कडेने नेमून दिलेल्या जातीची झाडे आहेत. पण जिच्यातून आत शिरले म्हणजे 'आलो' असे वाटावे, अशी वेस कोठेही नाही. अभ्यागत प्राध्यापक म्हणून येथे आलेल्या माझ्यासारख्या कृष्णाकाठच्या माणसाला ही उणीव जाणवावी, याला कारण आहे. माझ्या विद्यार्थिदशेची पाच वर्षे ज्या वाद्याने व्यापली, त्याची जागा वेशीवर असे.

गेल्या हिवाळ्यात येथील एका सहकाऱ्याने मुलीच्या लग्नाला बोलाविले. चंदीगडची लग्ने बहुधा शहराबाहेर, झिरकपूरच्या बाजूस असलेल्या विवाहगृहांत होतात. तेथे मात्र दार होते. एका रात्रीपुरते, बांबू, कापड आणि फुले यांनी उभारलेले. त्या दाराच्या डाव्या अंगास एका लहानशा मंचावर फेटे बांधलेले दोन वादक बसले होते. एक सनई वाजवीत होता, दुसरा नगाऱ्याची जोडी. आतून ध्वनिवर्धकाचा असा काही कल्लोळ येत होता की दहा पावलांवर सनई ऐकू येईना. पाहुणे अत्तर लावून घेत होते, आत जात होते. मी थांबलो.

सनईवाल्याने पत्ती बदलण्यासाठी वाद्य खाली घेतले. जुनी पत्ती काढली, सनईच्या गळ्यात दोऱ्याने लोंबणाऱ्या पत्त्यांपैकी एक निवडून जिभेवर ठेवली, ओलावू दिली, सुईने तिचे तोंड जरासे उघडले आणि नुसतीच फुंकून पाहिली. बदकाच्या पिलासारखा तो आवाज ऐकताच माझे ओठ आपोआप आत वळले. त्याने ते पाहिले असावे. "आप बजाते हैं?" त्याने विचारले. "सीखा था", मी म्हणालो. "छोड़ क्यों दिया?" हा त्याचा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर मला तेथे देता आले नाही. हा लेख त्या उत्तराचा एक प्रयत्न आहे.

माझे वडील शाळामास्तर. घर देवळाच्या आवारालगतचे. गावकीने वाजंत्र्यांचे काम महाराष्ट्रात कोठे गुरवांकडे, कोठे घडशी, होलार, मांग किंवा न्हावी समाजाकडे सोपविले. आमच्या गावी ते ज्या घराकडे होते त्या घरचे कर्ते पुरुष म्हणजे नाना. देवळाच्या महाद्वारावर नगारखान्याची माडी होती. पहाटे काकडआरतीच्या आधी नाना तेथे चढत. त्यांचा एक भाचा सूर धरी, दुसरा चौघड्यावर बसे. देवळाचा दिवस नानांच्या षड्जाने उघडे. मात्र ज्या देवाला ते जागवीत त्याच्या गाभाऱ्यापर्यंत जाण्याचा त्यांचा रिवाज नव्हता. माडीवरचा जिना बाहेरच्या बाजूने होता. तो बाहेरून का काढला आहे, हे मी लहानपणी कधी कोणाला विचारले नाही.

१९९१ साली, तेराव्या वर्षी, मी वडिलांजवळ सनई शिकण्याचा हट्ट धरला. मिरज जवळ. तंतुवाद्ये घडविणाऱ्यांचे ते गाव. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणारी गाणी ऐकायला वडील मला नेत. त्यामुळे घरात संगीताला विरोध नव्हता; विरोध होता तो सनईला. सतार शीक, पेटी शीक, असे आजीचे म्हणणे. गाल फुगवून दारात बसायचे वाद्य मास्तरांच्या मुलाच्या हाती कशाला? शेवटी 'मॅट्रिकपर्यंत' या अटीवर परवानगी मिळाली. मराठी मध्यमवर्गात छंदाला अशी मुदत असे, आणि मुदत असल्यामुळेच परवानगीही असे.

पहिले सात-आठ महिने नानांनी मला सनईला हात लावू दिला नाही. हाती फक्त पत्ती. पाणथळ जागी उगवणाऱ्या पोकळ गवताचे पेर चिरायचे, भिजवायचे, तासायचे, दुमडायचे, नळीवर दोऱ्याने आवळायचे. दहांतून एखादी पत्ती बोलायची. माझ्या वडिलांच्या मेजावर कित्ता गिरविण्यासाठी बोरू असत. तेही असेच तासलेल्या गवताचे. अक्षर आणि सूर दोन्ही चाकूच्या धारेवर असतात, कांड्याला एक काप जास्त बसला की दोन्ही बिघडतात, हे मला दोन घरांतून एकाच वयात कळले. पुढे आले सूर साधणे. सनईला कळा नसतात. भोकावर बोटाचे पेर किती टेकवायचे, किती उचलायचे, यावर स्वर ठरतो. मींड तेथूनच निघते आणि बेसूरही तेथूनच. त्यानंतर दमसास. गालात हवा साठवून ती पत्तीत सोडीत असतानाच नाकाने नवा श्वास घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. हे मला दोन वर्षे जमले नाही.

या शिक्षणात एक गोष्ट होती जिचा अर्थ मला भाषेचा अभ्यासक झाल्यावर कळला. नाना मला 'तुम्ही' म्हणत. साठीच्या घरातले गुरू तेरा वर्षांच्या शिष्याला "मास्तर, आता गंधारावर थांबा" म्हणत. 'मास्तर' हे माझ्या वडिलांचे नाव. ते माझ्याकडे वारशाने आले होते, नानांकडे सनई आली होती तसे. माझी आजी मात्र नानांना 'अरे नाना' म्हणे, आणि मी त्यांना 'तुम्ही' म्हणतो याचे तिला नवल वाटे. गुरुशिष्यांतील सर्वनामे गावाने आधीच ठरवून ठेवली होती. पाच वर्षांत ती एकदाच मोडली. श्वास फिरविण्याचा प्रयत्न करताना माझा चेहरा लाल झाला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा नाना एकाएकी ओरडले, "अरे, सोड की श्वास! धरून काय बसलास?" त्या दिवशी सूर पहिल्यांदा अखंड राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'तुम्ही'.

नानांना एक मुलगा होता, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याने सनई धरली नाही. मी शिकू लागलो त्याच वर्षी तो एस.टी.त कंडक्टर म्हणून लागला. गावात हळहळ झाली. घराण्याची कला बुडाली, असे देवळाच्या ओट्यावर बसणारे म्हणत. आणि मी, तेरा वर्षांचा, मनोमन स्वतःला नानांचा वारस समजू लागलो. ज्या दिवशी मुलगा खाकी कपडे घालून कामावर गेला त्या दिवशी नाना भर दुपारी माडीवर चढले. दुपारच्या चौघड्याची प्रथा आमच्याकडे नव्हती. नानांनी सारंग वाजविला, पाऊण तास तरी. पुजाऱ्यांनी वर निरोप धाडला की ही वेळ नव्हे. नाना थांबले नाहीत. मी अंगणात उभा राहून रडलो. एकाकी कलावंताचा विलाप मी ऐकत आहे, अशी माझी खात्री होती. पुढे वीस-पंचवीस वर्षे ती दुपार मी अशीच सांगत आलो.

१९९६ मध्ये युवक महोत्सवात मला सनईवादनाचे बक्षीस मिळाले. रंगमंचावर, गालिच्यावर बसून, ध्वनिक्षेपकासमोर. त्याच वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न झाले आणि वाजंत्री अर्थात नानांची. मी म्हणालो, मी त्यांच्याबरोबर बसेन. वडीलधाऱ्यांनी सांगितले की तू वधूचा भाऊ आहेस, तुझी जागा आत. हे समजावणीच्या सुरात सांगितले गेले, कोणी आवाज चढविला नाही, आणि मी ऐकले. मांडवाच्या दारात नाना वाजवीत होते. मी आत पाहुण्यांना पाणी देत होतो. पंगती उठल्यावर वाजंत्र्यांची पाने दाराबाहेर मांडली गेली. मी वाढायला गेलो नाही. लाज वाटत होती. पण ती कोणाची, हे त्या वेळी सांगता आले नसते. निघताना नानांनी एका पत्र्याच्या डबीत सहा पत्त्या ठेवून ती माझ्याकडे धाडली. त्यानंतर मी माडीवर गेलो नाही. मॅट्रिकची मुदत तर केव्हाच उलटली होती.

ओबो माझ्या हाती आला तो जर्मनीत, २००५ मध्ये, तौलनिक साहित्यातील प्रबंधाच्या काळात. तेथील विद्यापीठांतून विद्यार्थ्यांचे वाद्यवृंद असतात, आणि ओबो शिकणारे नेहमीच कमी पडतात. दुहेरी पत्ती पाहून मी धीर केला. शिकविणाऱ्या वृद्ध बाईंनी पहिल्या दिवशी समोर चाकू, दोरा, पाण्याची लहान वाटी आणि पत्तीसाठीची कांडी ठेवली, तेव्हा मी हसलो. त्यांना वाटले, मी घाबरलो. हात ओळखीचे काम करू लागले. फरक पुढे सुरू झाला. ओबोच्या पत्तीचे तोंड इतके अरुंद असते की तिच्यातून हवा फारच थोडी जाते. वादकाचा श्वास संपत नाही, उरतो. छातीत वापरलेली हवा साठून जीव गुदमरतो. म्हणून ओबो वाजविणाऱ्याला श्वास घेण्यापूर्वी सोडायला शिकावे लागते. बाई म्हणाल्या, "तू सगळे धरून ठेवतोस. आधी टाक, मग घे." दुसऱ्याच तासाला त्या मला 'तू' म्हणू लागल्या होत्या आणि मीही त्यांना तसेच म्हणावे असा त्यांचा आग्रह होता. नानांचे ते एकमेव 'तू' मला तेथे आठवले.

वाद्यवृंदाच्या तालमीचा पहिला दिवस मी विसरणार नाही. ओबोची जागा सुषिर वाद्यांत मधोमध, म्हणजे जवळजवळ सबंध वृंदाच्या मध्यभागी. सर्व गप्प झाले आणि ओबोने 'ए' हा एक स्वर धरला. त्या स्वराला आधी सुषिर वाद्ये, मग व्हायोलिने, मग चेलो मिळू लागले. हा रिवाज जगभर आहे. मी तो पुस्तकात वाचला होता. पण कानांनी तो ऐकताना मला माडी दिसली. नानाही हेच करीत. त्यांच्या स्वराने देऊळ आणि गाव दिवसाला जुळवून घेई. फरक बसण्याच्या जागेचा होता.

तौलनिकाच्या सवयीने मी शोध घेऊ लागलो. ओबोचा पूर्वज 'शॉम' आणि आपली सनई एकाच मोठ्या कुळातली. इराण-तुर्कस्तानचा सुर्ना हाही त्याच गोतातला. मध्ययुगीन युरोपात वाद्यांचे दोन वर्ग मानीत: घरात वाजविण्याची मृदू आणि उघड्यावर वाजविण्याची तीव्र. शॉम दुसऱ्या वर्गातला. इंग्लंडातील नगरांचे पहारेकरी तो वाजवीत. मिरवणुकीत आणि मेजवानीच्या दारात त्याची जागा असे. म्हणजे तोही दारावरचाच. ओबोचे मूळ फ्रेंच नाव 'ओब्वा'. त्यात उंच, तीव्र आवाजाचे लाकूड हा अर्थ अजून शिल्लक आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये, चौदाव्या लुईच्या दरबाराच्या परिसरात, कारागिरांनी शॉमची नळी अरुंद केली, लाकूड तुकड्यांत सांधले, पत्ती ओठांच्या ताब्यात दिली. आवाज मऊ झाला आणि वाद्य दालनात आले. विशेष म्हणजे राजाचे ओबोवादक कारभाराच्या दृष्टीने पागेच्या खात्यात मोडत. घोड्यांच्या खात्यातून वाद्यवृंदाच्या मध्यापर्यंत ओबो चालत आला आणि त्याच्याबरोबर वादकही आला.

आपल्याकडेही सनई आत आली असे आपण म्हणतो, आणि ते खोटे नाही. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी तिला मैफलीचे वाद्य केले. २६ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिवशी, त्यांची सनई लाल किल्ल्यावर वाजली, आणि २००१ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. पुण्यात शंकरराव गायकवाडांनी सनईची मैफल उभी केली. सोलापूरच्या जाधव घराण्याने सनईहून लहान अशी सुंदरी रसिकांपुढे आणली. माझे येथील वास्तव्यही मला त्याच इतिहासाच्या एका टोकाला आणून बसविते. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले; आणि मी ज्या पंजाब विद्यापीठाच्या परिसरात रोज फिरतो तेही फाळणीपूर्वी लाहोरचेच. पलुसकरांनी गवयाला प्रतिष्ठा मिळवून दिली, संगीत कुलीन घरांत नेले. त्या प्रतिष्ठेच्या लाटेतच आमच्या घरी सतार चालणार होती, पेटी चालणार होती. मला रंगमंच मिळाला. नाना दारातच राहिले.

वाद्यांचे कूळ एक असले म्हणून वादकांचे एक होत नाही, हे मी प्रबंधात लिहू शकलो नाही. आम्ही तौलनिक साहित्याचे लोक साम्ये लवकर पाहतो. ओवी आणि बॅलड, सनई आणि ओबो, असे जोडीने मांडले की आम्हांला समाधान वाटते. कोण कोठे बसला होता, त्याला उठता येत होते की नव्हते, हे आम्ही तळटीपेत ठेवतो.

झिरकपूरच्या त्या सनईवाल्याला मी, दुसरे काही न सुचून, त्याच्या मुलाविषयी विचारले. मुलगा मोबाइल दुरुस्तीचे काम शिकतो आहे, असे तो म्हणाला. "वो नहीं बजाएगा", आणि मग, मी सहानुभूतीचा चेहरा करण्याच्या आधीच, हसून म्हणाला, "अच्छा है।" तेवढ्यात वरात आली. त्याने सनई उचलली. मी आत गेलो.

त्या 'अच्छा है' ने माझी ती जुनी दुपार हलविली. सारंग हा दुपारचाच राग. त्यात विलाप कोठला? बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला जन्माने गळ्यात पडलेली गावकीची कामे टाकून देण्याचा जो विचार मांडला, तो मी वर्गात शिकवीत आलो आहे. तरीही एका वाजंत्र्याच्या मुलाने पगाराची नोकरी धरली, तेव्हा बापाने माडीवर चढून काय वाजविले असेल, हा प्रश्न मला पंचवीस वर्षे पडला नव्हता. मी सनई निवडली होती, म्हणून ती सोडू शकलो. नानांनी ती निवडली नव्हती. मुलाने ती सोडली, तेव्हा त्या घरात प्रथमच कोणी काहीतरी निवडले होते.

परत आल्यावर मी गावी दूरध्वनी करून नानांच्या मुलाचा क्रमांक मिळविला. नाना जाऊन बरीच वर्षे झाली. मुलगा आता निवृत्त आहे. ओळख सांगताच त्याने "बोला, सर" म्हटले. मी त्या दुपारविषयी विचारले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "सर, ते माझ्यासाठी होतं. संध्याकाळी घरी पेढे होते. तुमच्या घरी पण पाठवले होते." पेढे आमच्या घरी पोहोचले असतील, त्यांचे पुढे काय झाले, हे मला आठवत नाही, आणि आठवत नाही याचा अर्थ मला कळतो. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही येईनासे झालात, तर बाबा दोन-तीनदा विचारत होते, मास्तर आजारी आहेत का म्हणून."

मी त्याला म्हटले, मला सर म्हणू नका. "मग काय म्हणू?" त्याने अगदी सरळपणे विचारले. मला उत्तर सुचले नाही. मराठीत 'गुरुबंधू' असा एक चांगला शब्द आहे. गुरूच्या मुलालाही तो लावता येईल. पण आमच्या दोन घरांमध्ये तो कधी कोणी वापरला नव्हता, आणि तो उच्चारताना माझीच जीभ अडली. त्याने घाई न करता वाट पाहिली, नंतर प्रकृतीची चौकशी केली, चंदीगडला थंडी किती आहे ते विचारले.

पत्र्याची डबी माझ्याबरोबर आहे. सहांपैकी चार पत्त्या चिरल्या आहेत. पुढच्या सुट्टीत गावी जाणार आहे. त्याच्या घरी जायचे ठरविले आहे. काय म्हणायचे, ते अजून ठरलेले नाही.